दोरी नसलेला भाला

सक्करदऱ्यात राहणाऱ्या माणसाला आपला पत्ता सांगायला फार शब्द लागत नाहीत. आयुर्वेद कॉलेज, बुधवार बाजार, तलाव, उमरेड रोड, एवढं बोललं की रिक्षावाला मान हलवतो. जुनी माणसं राजे रघुजीरावांची लाल कोठी सांगतात आणि १९०८ साली तिथे येऊन राहिलेल्या ताजुद्दीन बाबांची आठवण काढतात. लढाई मात्र कुणीच सांगत नाही. मीही सांगितली नसती. एका जुन्या इंग्रजी पुस्तकात 'सुकू दरी' नावाच्या बागेतल्या तोफांबद्दल वाचत होतो. कुठली तरी दूरची दरी असेल असं समजून दोन पानं पुढे गेलो, परत आलो, नाव मोठ्यानं वाचलं. सुकू दरी. सुकूर दरी. सक्करदरा! माझंच घर. आणि तिथे १६ डिसेंबर १८१७ या दिवशी, मंगळवारी, दुपारच्या दीड तासात नागपूरकर भोसल्यांची फौज मोडली होती.

सीताबर्डीची लढाई आम्हाला शाळेत शिकवतात. किल्ला डोळ्यांसमोर उभा आहे, त्यामुळे ती विसरायची सोय नाही. पण सीताबर्डीला भोसल्यांची फौज हरली तरी शाबूत राहिली होती. राज्य खऱ्या अर्थानं गेलं ते सक्करदऱ्याला, एकोणीस दिवसांनंतर. त्या लढाईचं नाव इंग्रजांनी 'नागपूर' ठेवलं. रॉयल स्कॉट्स या त्यांच्या पलटणीला मानचिन्ह म्हणून तेच नाव मिळालं. ज्या जागी माणसं पडली तिचं नाव कुठल्याही निशाणावर चढलं नाही. आणि आपण आपल्या भाषेत त्या दुपारला काय म्हणत होतो, तो शब्द आता आपल्यापाशी नाही.

शब्द हरवण्याचा हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो एका भाल्यामुळे. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांच्या फेकायच्या भाल्याला सगळं जग 'असेगाय' म्हणतं. झुलू मात्र तसं म्हणत नाहीत. उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांचा 'झगाया' हा शब्द अरबांनी उचलला आणि आपलं उपपद लावून 'अझ-झगाया' केला. पोर्तुगीजांनी त्याचा 'अझागाया' केला आणि जहाजात घालून आफ्रिकेच्या किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली नेला. वाटेत ज्याच्या ज्याच्या हातात भाला दिसला त्याच्या भाल्याला त्यांनी तेच नाव चिकटवलं. ज्याच्या लाकडाचे दांडे होत त्या झाडालाही असेगायच म्हणू लागले. हजारो मैल दूरच्या झुलूंचा स्वतःचा शब्द वेगळा आहे : उमखोंतो. हत्यार ज्याच्या हातात, त्याच्या तोंडचा शब्द बाजूला पडला आणि पाहणाऱ्याचा शब्द कोशात गेला.

आपल्याकडे शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. भाला, बरची, सांग, विटा. नागपूरकडे बल्लम. पात्याला फाळ म्हणायचं, नांगराच्या पात्याला म्हणतो तेच. यातला विटा हा खास मराठी. विटा फेकायचा असतो, पण त्याच्या दांड्याला दोरी असते आणि दोरीचं दुसरं टोक मनगटाला. फेकला, लागला किंवा चुकला, की हिसका देऊन परत हातात. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत आजही विटा पाहायला मिळतो. पोरगा मैदानाच्या मधोमध उभा राहतो, विटा सुटतो, दोरी सर्रकन ताणली जाते, मनगट उलटं वळतं, आणि फाळ मातीतून उसळून माघारी येतो. हे सगळं दोन श्वासांत. पाहताना कळतं की खरं कसब फेकण्यात नाही, ओढून घेण्यात आहे.

भाला फेकणाऱ्या प्रत्येक माणसासमोर एकच अडचण असते. फेकला की हात रिकामा. आणि समोरच्यानं तोच उचलून आपल्यावर फेकला तर? मराठ्यांनी तिच्यावर दोरीचा तोडगा काढला. झुलूंच्या शाकानं वेगळा काढला. शाका १८१६ साली आपल्या जमातीचा प्रमुख झाला. त्यानं फेकायच्या भाल्यावरचा भर कमी केला आणि दांडा आखूड, पातं रुंद असा भोसकायचा भाला सैन्याच्या हातात दिला, अशी परंपरा सांगते. त्याचं नाव इक्ल्वा. अंगातून पातं बाहेर ओढताना जो आवाज येतो, त्या आवाजाचंच ते नाव.

त्याच १८१६ साली नागपुरात दुसरे रघुजी भोसले वारले आणि कारभार अप्पासाहेबांच्या, म्हणजे मुधोजींच्या हाती आला. वय वीस. गादीवर रघुजींचा मुलगा परसोजी, अधू आणि आजारी. मे महिन्यात अप्पासाहेबांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला. रघुजींनी आयुष्यभर जो करार टाळला तो या पोरानं दोन महिन्यांत केला. १ फेब्रुवारी १८१७ ला परसोजीचा खून झाला आणि अप्पासाहेब राजा झाले. हे सगळं मी भराभर सांगतोय, कारण मला घाई आहे ती डिसेंबरात पोचायची.

बावीस दिवस आधी

५ नोव्हेंबरला पुण्यात पेशव्यानं खडकीला इंग्रजांवर हल्ला केला होता आणि तो फसला होता. तरीही २४ नोव्हेंबरला अप्पासाहेबांनी पेशव्याकडून आलेली खिलत, म्हणजे मानाची वस्त्रं, उघड दरबारी थाटात स्वीकारली. इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सनं याचा अर्थ बरोबर लावला आणि आपली माणसं सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर चढवली.

२६ तारखेच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला. रात्रभर चालला. २७ ला सकाळी भोसल्यांच्या नोकरीतल्या अरबांनी लहान टेकडी जिंकलीही होती. मग फिट्झजेराल्ड नावाच्या कप्तानानं तीन तुकड्या घोडेस्वार घेऊन मैदानात धडक मारली, लहान टेकडी परत गेली आणि दुपारपर्यंत भोसल्यांची माणसं मागे हटली. इंग्रजांची साडेतीनशेहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. एकूण फौज दीड हजाराच्या आतबाहेर. त्या दुपारी आणखी एक नेट लावला असता तर? हा प्रश्न नागपुरात दोनशे वर्षं विचारला जातोय आणि मलाही तो सुटत नाही.

अप्पासाहेबांनी नेट लावला नाही. निरोप पाठवला : हल्ला आपल्या हुकमाविना झाला, आपल्याला वाईट वाटतं. भाला सुटला होता आणि त्यांना तो परत हवा होता. दोरी नव्हती. फौज मागे घेऊन तळ सक्करदऱ्याच्या बाजूला पडला.

जेन्किन्सनं गोड बोलत वेळ काढला, कारण वेळ त्याच्या बाजूनं चालला होता. २९ नोव्हेंबरला लेफ्टनंट कर्नल गाहान आला. ५ डिसेंबरला मेजर पिटमन. १२ डिसेंबरपासून ब्रिगेडियर जनरल डोव्हटनची फौज वऱ्हाडातून येऊन पोचू लागली, मोठ्या तोफांसकट. मधल्या या पंधरा दिवसांत भोसल्यांच्या तळावर काय चाललं असेल याचा विचार केला की माझ्या पोटात कालवतं. हजारो घोडी चंदी खातायत. चारा आणायला लांब जावं लागतंय. वरून निरोप येतोय की लढाई नाही, तहाची बोलणी आहेत. आणि सीताबर्डीच्या बाजूला रोज नवी धूळ उठतेय.

१५ डिसेंबर, सकाळ

जेन्किन्सनं अटी पाठवल्या. राजानं मान्य करावं की त्याच्या वागण्यामुळे त्याचं राज्य इंग्रजांच्या मर्जीवर आलं आहे. सगळ्या तोफा हवाली कराव्यात. अरबांना आणि बाकी फौजेला रजा द्यावी. शहर मोकळं करावं. आणि राजानं स्वतः रेसिडेन्सीत येऊन ओलीस राहावं. हे केलं तर गादी राहील, राज्याचा बराचसा मुलूखही राहील. उत्तराला मुदत : दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत.

या अटी फौजेच्या जागी उभं राहून वाचायला हव्यात. राजाला गादी मिळणार होती. शिपायाला रजा. अरब जमादार समुद्रापलीकडून नोकरीसाठी आलेला, त्याच्या कमरेचा जंबिया हीच त्याची इस्टेट. शिलेदार स्वतःचं घोडं घेऊन आलेला. घोडं मेलं तर तो संपला, आणि नोकरी गेली तरी संपला. राजाची अब्रू आणि शिपायाची भाकरी यांची वाट त्या सकाळी वेगळी झाली. पुढचा सगळा दिवस मला तिथूनच उलगडत जाताना दिसतो.

१५ डिसेंबर, रात्र

डोव्हटननं सामानसुमान सीताबर्डीच्या टेकड्यांखाली, पहाऱ्यात पाठवून दिलं. शिपायांनी हत्यारं उशाशी घेऊन, अंगावरच्या कपड्यानिशी झोपायचं ठरलं. नागपूरच्या डिसेंबरातली रात्र. दव पडतं, हात बधिर होतात, लोखंडाला हात लावला की चटका बसल्यासारखं होतं.

इकडे सक्करदऱ्याच्या बाजूला सुमारे २१ हजार माणूस होतं, त्यात १४ हजार घोडेस्वार. तोफा ७५ च्या आसपास. हे आकडे इंग्रजांचे आहेत, तेव्हा थोडे फुगलेले असतील. पण घोडदळ मोठं होतं याबद्दल शंका नाही, आणि मराठा घोडेस्वाराचं हत्यार म्हणजे भाला. त्याच काळात मध्य हिंदुस्थानात फिरणाऱ्या पेंढाऱ्यांबद्दलची इंग्रजांची टिपणं आहेत. त्यांत चांगल्या घोड्यावरच्या पंधरा माणसांत एकाकडे बंदूक आणि बाकीच्यांकडे बांबूचे भाले, १२ ते १८ फूट लांब, अशी नोंद येते. अठरा फूट! दोन मजली घराच्या गच्चीपर्यंत पोचेल एवढा. बांबू पोकळ, म्हणून हलका. एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात हा भाला तोलत घोडं वाऱ्यावर सोडायचं, हे काम लहानपणापासून शिकल्याशिवाय येत नाही. खांद्यात, कोपरात, मांड्यांत ते मुरावं लागतं. जगात फार थोड्या लोकांना ते आपल्याइतकं चांगलं येत होतं.

पण या भाल्याला एक गोष्ट लागते : मोकळं मैदान. आणि दुसरी : कुणीतरी 'चला' म्हणणं.

१६ डिसेंबर, पहाटे ४

मुदत संपली. उत्तर आलं नाही.

सकाळी ६

डिसेंबरात नागपुरात सहा वाजता अंधारच असतो. राजाचा निरोप आला. अरब मला येऊ देत नाहीत, दोन-तीन दिवस द्या. इंग्रजांच्या पुस्तकांत ही सबब म्हणून येते. मला ती खरी वाटते. ज्या माणसांना घालवून देण्याची अट राजापुढे होती, त्या माणसांच्या गराड्यातूनच त्याला बाहेर पडायचं होतं. त्यांना कळलं नसेल का? तळावर काही लपत नाही. खाशा डेऱ्यातली कुजबुज चुलीपर्यंत पोचायला घटकाही लागत नाही.

जेन्किन्सनं दोन-तीन दिवस दिले नाहीत. तीन तास दिले. नऊपर्यंत.

सकाळी ९ च्या आधी

अप्पासाहेब आले. बरोबर कारभारी मंडळी, त्यात रामचंद्र वाघ. सक्करदऱ्याच्या बाजूचा तळ ते सीताबर्डी हे अंतर आज उड्डाणपुलावरून पंधरा-वीस मिनिटांचं, पाचेक किलोमीटरचं. एकवीस वर्षांचा राजा आपल्या फौजेकडे पाठ करून तेवढं अंतर चालून आला आणि रेसिडेन्सीत जाऊन बसला.

या एका गोष्टीसाठी मी त्यांना भ्याड म्हणायला तयार नाही. पुढे ते वर्षभर डोंगरांत इंग्रजांना दमवणार होते. पण त्या सकाळी त्यांनी जे केलं त्यानं २१ हजार माणसं धन्याविना उरली. लढा म्हणणारा गेला आणि लढू नका म्हणणाराही गेला. फौजेसाठी यापेक्षा वाईट अवस्था नाही.

दुपारी १२

तोफा ताब्यात देण्याची वेळ बारा ठरली होती. रामचंद्र वाघ तळावर जाऊन व्यवस्था लावून परत आले : तोफा सोडलेल्या आहेत, येऊन घ्या. डोव्हटननं थोडी माणसं पाठवून तोफा आणवण्याऐवजी सगळी फौज लढाईच्या रांगेत मांडून पुढे काढली. त्याचं म्हणणं, दगा होऊ नये म्हणून. उजव्या बाजूला गाहानचं घोडदळ आणि घोड्यांच्या तोफा. मग मॅकलाऊड, मॅकेलर, स्कॉट यांच्या पायदळाच्या तुकड्या. डावीकडे पिटमन.

समोरून हे कसं दिसलं असेल? तोफा देऊन टाकायच्या असं सांगितलेलं. बंदूकवाले झाडांच्या आडोशाला, बागेत. राजा पलीकडे शत्रूच्या घरात. आणि क्षितिजावरून लाल अंगरख्यांची अख्खी भिंत चालत येतेय, संगिनी लावून. घ्यायला येणारा माणूस असा येतो का?

साडेबाराच्या सुमारास

पहिल्या ठिकाणी, शस्त्रागारापाशी, इंग्रजांना ३६ तोफा मिळाल्या. एकही गोळी सुटली नाही. मला इथे थांबावंसं वाटतं. या क्षणापर्यंत सगळं शांततेनं निभावलं असतं. राजा जिवंत, गादी शाबूत, शहर अबाधित. वाघांनी दिलेला शब्द निम्मा पाळला गेला होता.

रांग पुढे सरकली. समोर सक्करदऱ्याची बाग.

बाग म्हणजे भोसल्यांची हौस. राजाला दुपारी गारव्याला बसायला लावलेल्या झाडांच्या सावलीत त्या दिवशी बंदुका दबा धरून होत्या. इंग्रज फौज माऱ्यात आली तशी झाडांतून बंदुका सुटल्या आणि त्यांच्या मागच्या तोफांनी तोंड उघडलं.

कुणी हुकूम दिला? इंग्रजांच्या मते अप्पासाहेबांचा हा ठरवून केलेला दगा होता. हे मला पटत नाही. ज्याला दगा करायचाय तो स्वतः जाऊन शत्रूच्या खोलीत बसत नाही, आणि ३६ तोफा आधी सुखासुखी देऊन टाकत नाही. माझ्या मते तो हुकूम कुणीच दिला नाही. ज्यांची भाकरी बाराच्या ठोक्याला जाणार होती त्यांतल्या कुणाच्या तरी बोटानं तो निर्णय घेतला. मग शेजारच्यानं, मग सगळ्यांनी. धन्यानं सोडलेल्या फौजेनं स्वतःच्या नावावर लढलेली ही लढाई आहे. हरली. तरी तिला दगा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

दुपारी १

रेसिडेन्सीत बसलेल्या अप्पासाहेबांना तोफा ऐकू आल्या असणारच. एवढ्या अंतरावर तोफेचा आवाज कानाला येतो आणि छातीलाही जाणवतो. आपली तोफ कुठली आणि त्यांची कुठली हे राजाला ओळखू येत असेल का? खोलीत त्यांच्याकडे कुणी पाहिलं असेल, तर ते काय म्हणाले असतील? याबद्दल मी मनानं काही लिहिणार नाही.

मैदानात मॅकलाऊडच्या पायदळानं तोफांच्या बॅटरीवर सरळ चाल केली आणि ती घेतली. उजवीकडून गाहानचे घोडेस्वार आणि घोड्यांच्या तोफा वळसा घेऊन आल्या. भोसल्यांच्या घोडदळाचे मोठे घोळके मागे आणि बाजूंना उभे होते. त्यांच्यावर घोड्यांच्या तोफांचा मारा झाला. अठरा फुटी भाला घेऊन तयार असलेल्या माणसाला तो वापरायला दीड-दोनशे पावलांची मोकळी दौड लागते. समोर बागा, नाले, स्वतःच्याच मोडलेल्या पायदळाचे लोंढे, आणि मधूनमधून फुटणारे गोळे. दौड सुरू करा असं सांगणारं कुणी नाही. घोळका आधी थरथरला असेल, मग एका कडेनं सुटला असेल. घोळका नेहमी कडेनं सुटतो.

दुपारी दीड

तोफा गेल्या. तळ गेला. ४० च्या आसपास हत्ती गेले. इंग्रज घोडदळानं पाच-सहा मैल पाठलाग केला आणि ते परतलं. इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून १४१. भोसल्यांच्या बाजूला किती, याचा भरवशाचा आकडा नाही. तोफांची मोजदाद झाली, हत्तींची झाली. मैदानात टाकून दिलेल्या भाल्यांची कुणाला गरज नव्हती. आजूबाजूच्या गावातल्या माणसांनी नंतर येऊन ते गोळा केले असतील. वासा म्हणून, काठी म्हणून, लोखंड लोहाराकडे. फाळाचा फाळ झाला असेल.

बरोबर एकवीस वर्षांनी, त्याच १६ डिसेंबरला, १८३८ साली, झुलूंच्या देशात न्कोमे नदीच्या काठी अशीच एक सकाळ उगवली. शाका तोवर मारला गेला होता, गादीवर डिंगाने होता. वसाहतवाल्या बोअर लोकांनी ६४ बैलगाड्या गोल लावून किल्ला केला होता, आत ४६४ माणसं, बंदुका आणि एक-दोन छोट्या तोफा. पहाटेचं धुकं उठलं तेव्हा समोर दहा हजारांवर झुलू भाले घेऊन बसलेले दिसले. त्यांनी पुन्हा पुन्हा चाल केली. सुमारे तीन हजार झुलू मेले. आत एकही माणूस मेला नाही, तीन जखमी झाले. त्यातला एक त्यांचा पुढारी प्रिटोरियस, त्याच्या हाताला भाल्याची जखम. नदीच्या पाण्याचा रंग पाहून जिंकणाऱ्यांनी तिला 'रक्ताची नदी' हे नाव दिलं आणि तो दिवस देवाला वाहिला. पुढची शंभरहून जास्त वर्षं तो त्यांचा सण होता.

मग १९६१ साली नेल्सन मंडेला आणि त्यांच्या साथीदारांनी हत्यारी लढ्याची संघटना काढली तेव्हा पहिल्या स्फोटांसाठी त्यांनी मुद्दाम १६ डिसेंबर निवडला. संघटनेला नाव दिलं 'उमखोंतो वे सिझ्वे', राष्ट्राचा भाला. असेगाय नाही. स्वतःचा शब्द. आणि राज्य हाती आल्यावर त्यांनी ती तारीख पुसली नाही. १९९५ पासून १६ डिसेंबर हा त्यांचा सलोख्याचा दिवस आहे, सगळ्यांना सुट्टी. एका तारखेवर दोन लोकांचं रक्त आहे हे त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

१६ डिसेंबर १८१७ नंतरचे दिवस

नागपूर शहर १६ तारखेला पडलं नाही हेही सांगायला हवं. अरब महालात जाऊन अडून बसले. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर हल्ला केला, तोच आजचा गांधी गेट. हल्ला अरबांनी परतवला. सक्करदऱ्याची फौज मोडून आठ दिवस झाले होते, राजा ओलीस होता, पगार कुणाकडून मिळणार याचा पत्ता नव्हता, तरी त्यांनी दरवाजा धरला. ३० डिसेंबरला ते आपली बायकामुलं, सामान आणि सुरक्षित वाटेचं वचन घेऊन बाहेर पडले. राजापेक्षा त्यांनी स्वतःसाठी बऱ्या अटी मिळवल्या.

अप्पासाहेबांना जानेवारीत गादी परत मिळाली, मार्चमध्ये अटक झाली. प्रयागकडे नेत असताना मे महिन्यात ते निसटले. अंगात कंपनीच्या शिपायाचा वेश चढवून, रात्री, पहाऱ्यातल्या शिपायांच्याच सोबतीनं. तिथून महादेवाच्या डोंगरात, गोंडांकडे. गोंडांनी त्यांना पावसाळाभर आणि पुढचा हिवाळा सांभाळलं. शेवट १८४० साली जोधपूरला झाला, नागपूरपासून पार दूर.

२०२५ साली पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारनं परत आणली. मला मनापासून आनंद झाला. पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचं नाव आहे आणि शेवटी एक शब्द, 'फिरंग'. पातं युरोपात घडलेलं म्हणून फिरंग. परक्याचं पातं आपण घेतलं, पण त्याला नाव आपल्या भाषेत दिलं आणि ते सोन्यानं कोरलं. तलवार ओळखू आली, परत आली, ती त्या अक्षरांमुळे. बांबूच्या दांड्यावर कुणी नाव कोरत नसतं.

त्याच वर्षी डिसेंबरात १६ तारीख मंगळवारी आली, १८१७ सारखीच. दुपारी दीडला मी तलावाकाठी गेलो होतो. दुसऱ्या दिवसाच्या बुधवार बाजारासाठी एक म्हातारा लोहार आदल्या दिवशीच जागा धरून बसला होता. पोत्यावर विळे, खुरप्या, कुऱ्हाडी, पावशी मांडलेल्या. मी विचारलं, "बाबा, भाल्याचा फाळ करता का हो?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बल्लम म्हणता काय?" मी हो म्हणालो. त्यांनी एका खुरपीची मूठ काढून टाकली आणि नुसतं पातं हातात धरून दाखवलं, लोखंडाची पट्टी वळवून नळी कशी करायची, दांडा आत किती जायला पाहिजे, खिळा कुठे मारायचा. "माह्या बापानं केल्या होत्या," ते म्हणाले. "माह्या हातानं नाही झाल्या." मग मूठ परत ठोकून त्यांनी खुरपी पोत्यावर, रांगेत, होती त्या जागी ठेवली.